शंभर टक्के निकाल, पण बसली किती?

पालकांचे प्रश्न : एका निवृत्त मुख्याध्यापिकेची उत्तरं

प्रश्न : बाई, सादर नमस्कार. मी नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत सीएनसी मशीनवर ऑपरेटर आहे. गाव धुळे जिल्ह्यात, पण पंधरा वर्षं सिडकोत राहतो. घरात अहिराणीच बोलतो. मुलगी महापालिकेच्या शाळेत सातवीत आहे आणि ती शाळा सातवीपर्यंतच आहे. जूनमध्ये तिला आठवीला घालायचंय. घराजवळ दोन शाळा आहेत. एक स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय फीवर चालणारी, सेमी इंग्रजी. चौकात तिचा मोठा फ्लेक्स लागलाय, ‘सलग चार वर्षं दहावीचा निकाल १०० टक्के’. दुसरी जुनी, अनुदानित. तिचा निकाल ८८ टक्के. माझी मेहुणी म्हणते, त्या जुन्या शाळेत कुठली कुठली मुलं येतात, झोपडपट्टीतली, बिहारमधून आलेली, तिथे पोरगी बिघडेल. फी मला जड जाईल, पण पोरीचं नुकसान व्हायला नको. शाळा चांगली की वाईट हे आमच्यासारख्यांनी कसं ओळखायचं? आणि तिथे कोणाची मुलं येतात हे बघणं चूक आहे का?
— एक वडील, सिडको

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. शेवटचा प्रश्न लिहिताना तुमचा हात अडखळला असणार. मला मात्र तिथूनच सुरुवात करायची आहे.

शाळेत कोणाची मुलं येतात हे बघणं चूक नाही. मी तेहतीस वर्षं नाशिकच्या एका अनुदानित शाळेत गणित शिकवलं, त्यातली शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. दर जूनमध्ये नव्या मुलांचे प्रवेश अर्ज आणि जनरल रजिस्टर पुढ्यात घेऊन बसायचे. जन्मस्थळ सुरगाणा, मातृभाषा कोकणा. जन्मस्थळ बिहारमधलं एखादं गाव, मातृभाषा हिंदी, आणि बोलायला लागलं की कळायचं, घरी भोजपुरी आहे. वडिलांचा व्यवसाय बिगारी, हमाल, कंपनीत हेल्पर, रिक्षा. आईचं शिक्षण चौथी, नाही, नाही, सातवी. एवढं वाचलं की वर्षभर कुणाजवळ जास्त बसावं लागणार हे ध्यानात यायचं. घरी अहिराणी बोलणारी मुलगी निबंधात ‘मना बाप’ लिहिते. नवखा शिक्षक त्यावर लाल रेघ ओढून पान उलटतो. जाणता शिक्षक तिला जवळ बोलावतो, तुमच्याकडे असंच म्हणतात ना गं, म्हणून विचारतो आणि मग पुस्तकात कसं लिहितात ते दाखवतो. तुमच्या मुलीच्या वहीतही अशी एखादी रेघ सापडेल. म्हणजे मेहुणी ज्यांना ‘कुठली कुठली मुलं’ म्हणते, त्यांच्यात दुसऱ्या कुणाच्या नजरेने तुमची मुलगीही आहे. गंगापूर रोडसारख्या सुखवस्तू भागातला एखादा पालक सिडकोतल्या मुलांबद्दल हेच बोलत असेल. मेहुणीला हे रागाने सांगू नका, पण सांगा.

तेव्हा कोण येतं ते बघायचं, आणि लगेच पुढचं विचारायचं : आलेल्या मुलांचं शाळेने तीन वर्षांत काय केलं? फ्लेक्सवर हे उत्तर मिळत नाही. शंभर टक्के म्हणजे परीक्षेला जेवढी बसली तेवढी सगळी पास. बसवली किती, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

हिशेब मांडून बघू. समजा, एका शाळेत आठवीला ९६ मुलं होती. दोन वर्षांनी त्याच शाळेतून ६१ दहावीला बसली आणि ६१ पास झाली. निकाल १०० टक्के. दुसऱ्या शाळेत आठवीला ११८ होती, दहावीला ११३ बसली, १०० पास झाली. निकाल साडेअठ्ठ्याऐंशी टक्के. आता पास झालेल्यांना आठवीच्या पटाने भागा. पहिल्या शाळेने आपल्या दारात आलेल्या दर शंभरातल्या जेमतेम चौसष्ट मुलांना दहावी पार नेलं, दुसरीने पंच्याऐंशी मुलांना. मी माझ्या नातीसाठी शाळा निवडत असते तर हाच दुसरा आकडा आधी काढला असता.

गेलेलं प्रत्येक मूल शाळेनेच घालवलेलं असतं असं नाही. वडिलांची कंपनी बदलते, भाड्याची खोली सोडावी लागते, काही घरं गावी परत जातात. सातपूर-अंबडच्या आसपासच्या शाळांत हे दरवर्षी चालतं, आणि त्याच कारणाने नवी मुलंही येतात. शंभरात पाच-सात कमी झाली तर मला खटकत नाही. पण नववी आणि दहावीच्या मधल्या एका उन्हाळ्यात वर्गाचा तिसरा हिस्सा रिकामा झाला असेल, तर तिथे थांबा आणि ती मुलं कुठे गेली ते विचारा.

नेमक्या नववीनंतरच का, तर आठवीपर्यंत शिक्षणहक्क कायद्याचं संरक्षण आहे. शाळा मुलाचं नाव काढू शकत नाही. नववीत ते संरक्षण संपतं. आणि मग सतरा नंबरचा फॉर्म पुढे येतो. हा फॉर्म म्हणजे खाजगीरीत्या दहावीला बसण्याची बोर्डाची सोय. शाळा सुटलेली, कामाला लागलेली मुलं, लग्न होऊन घरात अडकलेल्या बायका यांच्यासाठी ती फार मोलाची आहे. आमच्या शाळेतल्या एका शिपाईमावशींची सून त्याच वाटेने दहावी झाली. पण खाजगी विद्यार्थ्याचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरत नाहीत. त्यामुळे ज्यांच्यामुळे टक्का खाली येईल अशी भीती असते, त्यांच्या पालकांना मे महिन्यात बोलावून सांगितलं जातं, दाखला न्या आणि सतरा नंबर भरा.

हे मी ऐकीव लिहीत नाही. माझ्या हातून झालं आहे. मी मुख्याध्यापिका झाले त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या संस्थेच्या बैठकीत ‘यंदा शंभर’ असं ठरलं आणि चार मुलांची नावं माझ्या हातात आली. मी त्यांचे पालक बोलावले. एकाचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. ते रात्रपाळी करून झोपलेले, म्हणून आई आली होती. तिने पदर सावरत एवढंच विचारलं, ‘‘बाई, त्यानं काही केलं का?’’ त्याने काहीच केलं नव्हतं. नववीला गणितात त्याला सत्तावीस मार्क होते, आणि गणित त्याला मीच शिकवत होते. दाखल्यावर ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यात मी माझ्या अक्षरात लिहिलं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्या बाईने विनंती केली होती ती मुलाला ठेवून घ्या अशी. वर्तणुकीच्या रकान्यात ‘चांगली’ लिहिलं, ते तेवढं खरं होतं. पुढच्या निकालाला शाळेत पेढे वाटले. त्या चौघांपैकी दोघांनी फॉर्म भरला, एक पास झाला. हमालाचा मुलगा बसलाच नाही. त्यानंतरच्या वर्षापासून असा एकही दाखला मी लिहिला नाही, निकाल एक्क्याण्णववर आला, आणि बैठकीत मला त्याचा जाब द्यावा लागला. दिला. पण तो एक दाखला परत घेता आला नाही.

म्हणून तुम्ही करायचं ते असं. प्रत्येक शाळेला अकरा आकडी युडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर, असतो, बहुतेक ठिकाणी तो शाळेच्या नामफलकावरच लिहिलेला दिसेल. नाशिक जिल्ह्यातला असेल तर २७२० ने सुरू होईल : २७ महाराष्ट्राचे, २० जिल्ह्याचे. तो नंबर युडायस प्लसच्या संकेतस्थळावर ‘नो युवर स्कूल’मध्ये टाका, मोबाइलवर होतं. इयत्तेनुसार मुलं-मुली किती, शिक्षक किती, वर्गखोल्या किती ही माहिती येते. ती तिरकी वाचायची. म्हणजे एकाच वर्षातली आठवी आणि दहावी शेजारी ठेवायची नाही. दोन वर्षांपूर्वीची आठवी, गेल्या वर्षीची नववी आणि यंदाची दहावी असं त्याच मुलांच्या मागे मागे जायचं. मुलींचा आकडा वेगळा काढा. आठवीत पन्नास मुली आणि दहावीत एकतीस, असं दिसलं तर मुलीच्या बापाने त्याचं कारण विचारायलाच हवं. स्वच्छतागृहांचा आकडाही तिथे असतो, पण नळाला पाणी आहे का, आतून कडी लागते का हे आकड्यात येत नाही. ते तुमच्या घरातल्या बाईमाणसाने मधल्या सुट्टीत जाऊन बघावं.

मग शाळेच्या कार्यालयात जा आणि बोर्डाकडून आलेला शाळेचा एकत्रित निकाल बघायला मागा. त्यात नोंदणी किती, प्रविष्ट किती, उत्तीर्ण किती हे असतं, शिवाय श्रेणी असतात : ७५ च्या वर प्रावीण्य, ६० च्या वर प्रथम, ४५ च्या वर द्वितीय, आणि ३५ च्या वर नुसती उत्तीर्ण. माझी नजर आधी शेवटच्या दोन श्रेणींवर जाते. शंभर टक्के निकालाच्या शाळेत निम्मी मुलं ३५ ते ४५ मध्ये असतील, तर ती काठावर आहेत. आणि हा काठ फार उंच नसतो. शंभरातले वीस गुण शाळा देते. त्यात अठरा पडले की लेखी ऐंशीपैकी सतरा मिळवूनही विषय सुटतो. शिवाय टक्केवारी सहा विषयांतल्या उत्तम पाचांवर काढतात, त्यामुळे एखाद्या विषयातली, बहुतेकदा गणितातली नाहीतर इंग्रजीतली, कमजोरी त्यात झाकली जाते. म्हणून विषयवार विचारा. अकरावी सायन्सला, डिप्लोमाला, आयटीआयला पोरगी गेली की गणित पुढे उभं राहतंच.

ज्या गोष्टीसाठी फ्लेक्स लावत नाहीत अशी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. आठवीत एनएमएमएस नावाची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. आणि ती शासकीय, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांसाठीच आहे. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत गेलात तर फी भराल आणि ही परीक्षाही हातची जाईल. जुन्या शाळेत गेल्यावर विचारा, एनएमएमएसला गेल्या वर्षी किती मुलं बसवली, किती लागली, तयारी कोण करून घेतं. ‘बसवतो की’ एवढंच उत्तर आलं तर काम ढिलं आहे. एखाद्या सरांनी शाळा सुटल्यावर थांबून तयारी घेतल्याचं कळलं, तर त्या सरांना भेटूनच या.

आणि नववी-दहावीला गणित, विज्ञान, इंग्रजी कोण शिकवतं ते. पद रिकामं आहे का, तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर माणूस आहे का, तो दोन वर्षं टिकला का. तासिकेवरच्या शिक्षकांत मी सोन्यासारखी माणसं पाहिली आहेत. पण ती दिवाळीनंतर दुसरीकडे जातात आणि वर्ग तसाच राहतो.

दोन्ही शाळा आतून न बघता मी एकीचं नाव घेणार नाही. पण ८८ ला घाबरून तिच्या दारातून मागे फिरू नका. मुलीला बरोबर न्या. शाळा भरलेली असताना जा, रविवारी नको.

प्रश्न : मॅडम, मी दिंडोरी तालुक्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत सहा वर्षांपासून शिक्षक आहे. आमच्याकडची निम्म्याहून अधिक मुलं आदिवासी आहेत, बरीचशी पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांच्या कामाला आलेल्या घरांतली. यंदा दहावीचा निकाल ८१ टक्के लागला. तालुक्याच्या बैठकीत शाळांची यादी निकालाच्या क्रमाने वाचली गेली, आमचं नाव शेवटून तिसरं. जवळच्या चौदा मुलांच्या शाळेचं कौतुक झालं. आम्ही खरंच इतके वाईट आहोत का? आमची बाजू कशी मांडायची?
— एक शिक्षक, दिंडोरी

उत्तर : सर, चौदा मुलांच्या शाळेत एक मूल नापास झालं तर निकाल ९२.८६ टक्के होतो. २४० मुलांच्या शाळेत सतरा नापास झाली तरी जवळजवळ तेवढाच, ९२.९२. एक मूल तापाने आजारी पडलं की लहान शाळा यादीत वीस जागा खाली जाते आणि पुढच्या वर्षी वीस जागा वर येते. असल्या यादीवरून कुणाचं कौतुक नको आणि कुणाचा अपमानही नको.

तुमची तुलना तुमच्याच मागच्या पाच-सात वर्षांशी करा, पण तीही डोळे उघडे ठेवून. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये ७७.१०, आणि २०२० मध्ये ९५.३०. राज्यभरातली मुलं एका वर्षासाठी कच्ची झाली आणि लगेच पक्की झाली, असं काही घडलं नव्हतं. २०१९ ला पुस्तकं नवी होती, आणि भाषा व सामाजिक शास्त्रांसाठी शाळेने द्यायचे वीस गुण काढून सगळा पेपर लेखी केला होता. पुढच्या वर्षी ते वीस गुण परत आले. करोनामुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपरही झाला नाही. २०२१ ला परीक्षाच नव्हती, मूल्यमापनावर निकाल लागला, ९९.९५ टक्के. ते वर्ष तुमच्या तक्त्यातून काढून टाका. बाकीच्या वर्षांना शाळेच्या टक्क्याशेजारी राज्याचा टक्का लिहा. तुमच्यातलं आणि राज्यातलं अंतर कमी होत चाललंय की वाढतंय, हे त्यात दिसेल. ८१ या एका आकड्यात ते नाही.

मग हजेरीपट काढा आणि महिन्यांप्रमाणे हजेरी मांडा. तुमच्या भागात सप्टेंबर-ऑक्टोबरला द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, त्यामागोमाग डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), विरळणी, आणि फेब्रुवारीपासून काढणी. दहावीची परीक्षा आता फेब्रुवारीच्या शेवटाकडे सुरू होते. म्हणजे ज्या आठवड्यात मुलाने उजळणी करायची, त्याच आठवड्यात बागेत सगळ्यात जास्त हात लागतात आणि मजुरीही सगळ्यात बरी मिळते. ज्या मुलांची हजेरी या दोन हंगामांत पडते, त्यांची नावं वेगळी लिहा आणि त्यांचा निकाल वेगळा काढा. तुमची नापास झालेली मुलं बहुतेक त्याच यादीत निघतील. तसं असेल तर जादा तास जानेवारीत ठेवून उपयोग नाही, छाटणीच्या आधी जून ते ऑगस्टमध्ये ठेवा. बागाईतदार तुमच्या गावातलेच आहेत, त्यातले काही शाळेचे माजी विद्यार्थी असतील. परीक्षेच्या महिन्यात दहावीच्या मुलाला कामावर घेऊ नका, हे त्यांच्या घरी जाऊन सांगता येतं. आमच्या एका सहकाऱ्याने निफाडला असं केलं होतं. सगळ्यांनी ऐकलं नाही, पण काहींनी ऐकलं.

बाजू मांडायची तर मूल आलं तेव्हा कुठे होतं हे कागदावर असायला हवं. मी आठवीच्या प्रत्येक नव्या मुलाची पहिल्या आठवड्यात एका पानाची चाचणी घ्यायचे. एक उतारा वाचायचा, पाच ओळी लिहायच्या, चार उदाहरणं. पेठकडून आलेल्या एका मुलीने ४०८ भागिले ४ चं उत्तर १२ लिहिलं होतं. मधलं शून्य गायब. शेजारी तिने रेघा ओढून चार-चारचे गट पाडले होते, बरेचसे, आणि मग दमून सोडून दिले होते. म्हणजे भागाकार म्हणजे काय हे तिला कळत होतं, शून्याची जागा कुणी दाखवली नव्हती. तो कागद मी ठेवून दिला. दहावीला तिला ५२ टक्के मिळाले, द्वितीय श्रेणी. तालुक्याच्या यादीत ती पास झालेली एक मुलगी, बस. माझ्या दृष्टीने त्या वर्षी शाळेने केलेलं सगळ्यात मोठं काम ती होती, आणि ते दाखवायला माझ्याकडे दोन कागद होते. तुम्ही या जूनपासून तसे कागद ठेवायला लागा. तीन वर्षांनी बैठकीत ते मांडा.

एक गोष्ट मात्र थोडी कडक शब्दांत सांगते, तुम्ही तरुण आहात म्हणून. ‘आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची मुलं आहेत’ एवढं सांगून थांबलात, तर वरच्या पत्रातल्या मेहुणीचंच वाक्य तुमच्या तोंडी येईल. मुलं कुठून येतात हे सांगितल्यावर लगेच, त्यासाठी आम्ही अमुक केलं, हे सांगता आलं पाहिजे. ज्या एकोणीस टक्के मुलांचं राहिलं, त्यांच्या घरी जाऊन पुरवणी परीक्षेचे फॉर्म भरले का? भरले असतील तर तेही तक्त्यात घाला.

प्रश्न : बाई, नाशिकरोडच्या एका नावाजलेल्या शाळेत माझा मुलगा नववीला ‘ड’ तुकडीत आहे. आठवीच्या मार्कांवरून तुकड्या पाडल्या. शाळेचा निकाल ९६ टक्के असतो, म्हणून मी गप्प बसले. पण तो हल्ली म्हणतो, आम्ही ‘ड’ ची मुलं. काय करू?
— एक आई, नाशिकरोड

उत्तर : ताई, ९६ टक्के हा चार तुकड्यांचा मिळून आकडा आहे. चार तुकड्या साठ-साठच्या असतील, पहिल्या तीन पूर्ण पास झाल्या आणि ‘ड’ मधली दहा मुलं राहिली, तरी शाळेचा निकाल साधारण ९६ च येतो. ‘ड’ चा मात्र ८३. शाळा खोटं बोलत नाही, पण तुमच्या मुलाबद्दल त्या ९६ मधून तुम्हाला काहीच कळत नाही.

मार्कांवरून तुकड्या पाडणं मला कधीच पटलं नाही. आमच्या शाळेत आम्ही ते बंद केलं. पहिल्या वर्षी ‘अ’ तुकडीच्या पालकांचा फार राग झाला, दुसऱ्या वर्षी कमी. एकत्र बसल्यावर हुशार मुलांचे मार्क घसरतील ही त्यांची भीती होती. तसं झालं नाही, कारण गणिताचे तास आम्ही सगळीकडे सारख्याच शिक्षकांना वाटून दिले.

तुम्ही पालक-शिक्षक संघाच्या सभेत उभ्या राहा आणि तुकडीवार निकाल मागा, मागच्या तीन वर्षांचा. वर्गशिक्षकांना तिथे दोष देऊ नका, त्यांच्या हातात तुकड्या नसतात. मग एवढं विचारा : ‘ड’ ला गणित आणि इंग्रजी कोण शिकवतं, आणि ‘अ’ ला कोण? माणसं वेगळी असतील तर का? वर्षाच्या मध्ये एका तुकडीतून दुसरीत जाता येतं का, आणि गेल्या वर्षी किती मुलं गेली?

घरी त्याला ‘ड’ वरून काही बोलू नका, थट्टेतही नको. त्याच्या आठवीच्या उत्तरपत्रिका असतील तर काढून ठेवा. गणिताची आधी बघा, कुठल्या पायरीवर अडतो ते, आणि त्या पायरीचा फोटो मला पाठवा.